संशय, सुरक्षितता आणि विवेक

जीवनात काही प्रश्न असे येतात की, त्यांचे उत्तर हाती येण्यापूर्वीच निर्णय घ्यावा लागतो. गेल्या पावसाळ्यात असाच एक प्रश्न आमच्या दारी आला. रविवारची मिस्सा संपून धर्मग्रामस्थ आपापल्या घरी गेले होते. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका मात्र मोठे पाकीट उराशी धरून धर्मगुरुनिवासाच्या व्हरांड्यात बसून राहिल्या होत्या. “फादर, फोटोत काही पांढरे ठिपके दिसलेत,” एवढेच त्या बोलल्या. कोठे, ते त्यांनी सांगितले नाही. हे बोलणे पापनिवेदनातले नव्हते, आणि त्यांच्या संमतीनेच, ओळख झाकून, आम्ही ते येथे मांडीत आहोत.

त्यांचा संकोच आम्हाला नवा नव्हता. स्तनाच्या दुखण्याविषयी बोलणे आपल्या घरांत अवघड जाते. धर्मगुरूसमोर तर अधिकच. परंतु तिसऱ्या शतकातील हुतात्मा संत आगाथा हिच्या स्तनांवर झालेल्या अत्याचाराची स्मृती ख्रिस्तसभेने शतकानुशतके जपली आहे. स्तनांच्या आजाराने पीडित स्त्रियांची आश्रयदाती म्हणून तिला मानले जाते आणि दर ५ फेब्रुवारीला तिचा सण पाळला जातो. त्या ख्रिस्तसभेच्या लेकरांनी या विषयाची लाज का बाळगावी?

हे ठिपके म्हणजे स्तनात साठलेले कॅल्शियमचे सूक्ष्म कण. जेवणातील कॅल्शियमशी त्यांचा संबंध नसतो. आमच्या या बाईंनी मात्र भीतीपोटी पंधरा दिवस दूध वर्ज्य केले होते. हे सूक्ष्म कण हाताला लागत नाहीत, मॅमोग्राममध्येच दिसतात. वाढत्या वयात पुष्कळ स्त्रियांत ते आढळतात आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. मक्याच्या लाह्यांसारखे मोठे ठिपके जुन्या साध्या गाठीचे असतात. आगगाडीच्या रुळांसारख्या दोन समांतर रेघा रक्तवाहिनीच्या भिंतींच्या असतात. परंतु अर्ध्या मिलिमीटरहून लहान, वेड्यावाकड्या आकाराचे कण एका जागी दाटीने जमले किंवा दुग्धनलिकेच्या फाट्यांप्रमाणे ओळीने पसरले, तर तज्ज्ञ सावध होतात.

अशा वेळी काय करावे, यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी या संस्थेने १९९३ साली ‘बायरॅड्स’ नावाची प्रतवारी प्रसिद्ध केली. तिच्यातील तिसऱ्या श्रेणीत कर्करोगाची शक्यता शंभरात दोनहून अधिक नसते. सहा महिन्यांनी पुन्हा फिल्म काढावी, असा सल्ला दिला जातो. चौथ्या श्रेणीत साधारणपणे बायॉप्सी सुचवतात. पण या एकाच श्रेणीत शक्यता शंभरात दोनपासून पंच्याण्णवपर्यंत असू शकते, म्हणून तिचे ए, बी, सी असे तीन भाग पाडले आहेत. बाईंची पहिली फिल्म तिसऱ्या श्रेणीत होती. सहा महिन्यांनी कण वाढलेले दिसले आणि अहवालात ‘चार-ए’ लिहून आले. म्हणजे शक्यता शंभरात दोनहून अधिक, परंतु दहाच्या आत.

घरात एकाचे मत दुसऱ्याशी जुळेना. परदेशातील मुलगा फोनवर म्हणत होता, “आई, सगळं काढूनच टाक. डोक्याला ताप नको.” थोरली जाऊ म्हणत होती की, सुई टोचली की रोग पसरतो. ही भीती आपल्याकडे घरोघर आढळते. तिच्यापायी तपासणी टाळणे योग्य नव्हे. धाकटी बहीण म्हणत होती की, आधी नऊ दिवसांची नोव्हेना करू, मग पाहू. यजमान गप्प होते. “फादर, तुम्ही सांगाल तेच करीन,” असे म्हणून बाई थांबल्या.

हे शब्द ऐकताच आम्ही चपापलो. असेच शब्द बारा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, आम्ही ऐकले होते. त्या भगिनीचा अहवाल तिसऱ्या श्रेणीतला होता आणि तिला सहा महिन्यांनी बोलावले होते. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, “संशय कशाला बाळगायचा? काढून मोकळ्या व्हा.” डॉक्टरांनी तसे सुचवले नसताना ती दुसऱ्या सर्जनकडे गेली आणि तिने शस्त्रक्रिया करवून घेतली. काढलेल्या भागात काहीच वाईट निघाले नाही. आम्ही देवाचे आभार मानले. वर्षभराने ती म्हणाली, “फादर, निकाल चांगला आला, देवाची कृपा. पण हात वर केला की जखमेची जागा अजून ओढते. आणि खरं सांगू? ते मी ठरवलंच नव्हतं. तुम्ही ठरवलंत.” तिच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही.

आमचे कोठे चुकले? सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना शिकाऱ्याचे जुने उदाहरण आम्ही सारेच पाठ करतो. झुडपाआड काहीतरी हालते. हरीण आहे की माणूस, शिकाऱ्याला ठाऊक नाही. अशा वेळी त्याने बाण सोडता कामा नये. संशय असेल आणि जिवाचा प्रश्न असेल, तर सुरक्षित बाजू धरावी, हा त्याचा बोध. तो बोध खरा आहे. पण आम्ही तो जसाच्या तसा उचलला आणि स्त्रीच्या देहावर लावला. शिकाऱ्याने बाण सोडला नाही, तर फार तर त्याचे जेवण बुडते. तेथे सुरक्षित बाजू एकच असते आणि ती डोळ्यांना दिसते. येथे थांबण्यातही धोका आणि कापण्यातही हानी. आणि दोन्ही त्याच एका देहाला भोगायचे. ‘सुरक्षित’ म्हणून आम्ही जी बाजू दाखवली, ती केवळ आमच्या मनाला स्वस्थता देणारी होती.

आजचे वैद्यकशास्त्रही या पेचाशी झुंजत आहे. अशा कणांमागे कधी कधी दुग्धनलिकेच्या आतच राहिलेला, बाहेर न पसरलेला कर्करोग सापडतो. त्यातला काही पुढे पसरतो, काही आयुष्यभर त्रास देत नाही. कोणता कसा वागेल, हे आधी नक्की सांगता येत नाही. म्हणून अमेरिकेत ‘कॉमेट’ नावाचा अभ्यास झाला. अशा रोगाचे कमी धोक्याचे रूप आढळलेल्या ९५७ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला नेहमीप्रमाणे शस्त्रक्रिया सुचवली. दुसऱ्या गटावर नियमित तपासणीने लक्ष ठेवले. डिसेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत त्याच स्तनात पसरणारा कर्करोग पहिल्या गटात ५.९ टक्के, तर दुसऱ्या गटात ४.२ टक्के स्त्रियांत आढळला. लक्ष ठेवणे त्या काळापुरते तरी कमी प्रतीचे ठरले नाही. दोन वर्षांचा काळ थोडा आहे, हे खरे. आणि हा निष्कर्ष सर्वांना लागू नाही, हेही खरे. परंतु ‘सगळं काढून टाकणे’ हाच शहाणपणा, असे म्हणण्याचे धाडस आता कोणी करू नये. १९५७ साली बाराव्या पायस पोपमहोदयांनी वैद्यांपुढे बोलताना स्पष्ट केले होते की, जीव राखण्यासाठी साधारण उपाय योजणे हे कर्तव्य आहे. असह्य भार घालणारे असाधारण उपाय योजण्याची सक्ती नाही. देहाची काळजी घेणे म्हणजे शक्य ते सर्व काही करणे नव्हे.

मग नोव्हेना म्हणणारी बहीण बरोबर होती काय? प्रार्थनेचे आणि तपासणीचे वैर नाही. परंतु कधी कधी भीतीच श्रद्धेची वस्त्रे पांघरून येते. वाट पाहणे आणि टाळणे, ही दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. वाट पाहणाऱ्याजवळ तारीख असते, पुन्हा पाहणारा तज्ज्ञ असतो आणि काय दिसले तर काय करायचे, हे ठरलेले असते. टाळणाऱ्याजवळ यांतले काहीच नसते. पहिल्या फिल्मनंतर सहा महिने थांबणे ही वाट पाहणे होते. ‘चार-ए’ हाती आल्यावर ‘मग पाहू’ म्हणणे, हे टाळणे झाले असते.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाची तीन कामे सांगितली आहेत: सल्लामसलत करणे, निवाडा करणे आणि तो अमलात आणण्याची स्वतःला आज्ञा देणे. आम्ही त्या पहिल्या भगिनीसाठी पहिले काम केलेच नव्हते, आणि दुसरे तिच्याकडून काढून घेतले होते. या वेळी आम्ही पहिल्यावरच थांबायचे ठरवले. “डॉक्टर नेमके काय म्हणाले?” असे विचारले. बाईंना आठवेना, ‘कॅन्सर’ हा शब्द कानी पडल्यानंतरचे काही त्यांनी ऐकलेच नव्हते. आम्ही वही पुढे केली. आयुष्यभर फळ्यावर लिहिणाऱ्या त्या हाताने आपले प्रश्न स्वतः लिहून काढले. कापावे लागेल की सुईने भागेल? रात्री राहावे लागेल का? आणखी सहा महिने थांबले तर काय होईल? काही निघाले, तर त्याच दिवशी ठरवावे लागेल का?

त्या वही आणि सून घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या. स्तन दाबून धरून दोन कोनांतून चित्रे घेतात आणि त्यांवरून कणांची जागा निश्चित करतात. तेवढ्याच भागाला भूल देऊन सुईने बारीक तुकडे काढतात. कण त्यांत आले की नाही, हे पाहण्यासाठी त्या तुकड्यांचीही क्ष-किरण फिल्म काढतात. त्या जागी खूण म्हणून धातूची बारीकशी चकती ठेवतात. रात्री राहावे लागत नाही. आणि काही निघालेच, तरी विचार करायला अवधी मिळतो. हे सारे समजून घेतल्यावर बाईंनी स्वतः निवाडा केला: बायॉप्सी करायची, शस्त्रक्रियेचा विचार अहवालानंतर. मुलाला त्यांनी स्वतः फोन केला. बहिणीला सांगितले, “तू नोव्हेना कर. मी त्याच नऊ दिवसांत जाऊन येते.” त्या दिवशी यजमान प्रथमच बोलले. म्हणाले, “मी पाकीट धरतो.”

अहवालाच्या आदल्या संध्याकाळी त्या चर्चमध्ये भेटल्या. आम्ही धीर देऊ पाहत होतो. धीर त्यांनीच दिला. म्हणाल्या, “फादर, उद्या कागदावर काहीही येवो. मला जे करायचं होतं ते मी नीट विचारून केलं.”

अहवालात काय आले, हे आम्ही येथे लिहीत नाही. ते वाचताच आपण सारे त्या निकालावरून त्यांच्या निर्णयाचा न्याय करू लागू. चांगले आले तर म्हणू, उगाच सुई टोचून घेतली. वाईट आले तर म्हणू, पहिले सहा महिने का थांबल्या? परंतु निर्णय घेताना मनुष्याजवळ निकाल नसतो. त्या घडीला जे कळण्यासारखे होते ते विचारले काय, जाणकारांचे ऐकले काय, स्वतःच्या भीतीला ओळखले काय, एवढ्याचाच हिशेब त्याच्याकडे मागता येतो. देवाने आपल्याला भविष्य दिलेले नाही. विवेक दिला आहे. जिने तो नीट वापरला, तिला निकाल कसाही आला तरी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही, आणि तिला दोष देण्याचा अधिकार तर घरातल्या कोणालाच नाही.

त्या पहिल्या भगिनीला आम्ही पत्र लिहून क्षमा मागितली आहे. ते बारा वर्षांपूर्वीच करायला हवे होते.