चिखलातली उतारशाळा



ओहोटी लागली की आपल्या खाडीच्या चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतात. पावलाची चाहूल लागताच निवटी बिळात नाहीशी होते. ते बीळ तिने स्वतः खणलेले असते. तिच्याच लांबच्या नात्यातला एक मासा मात्र दुसऱ्याच्या बिळात आसरा घेतो. त्याचे नाव 'ॲरो गोबी'. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत, खाड्यांच्या चिखलात तो राहतो. लांबी जेमतेम दोन इंच. भरती ओसरली, पक्षी चिखलावर उतरले, की या जिवाला लपायला जागा हवी असते.

ही जागा त्याला अनेकदा एका जाड, गुलाबी किड्याच्या बिळात मिळते. इंग्रजी 'यू' अक्षरासारखे ते बीळ. किडा तोंडाशी चिकट जाळे विणतो, अंग हलवून पाणी आत ओढतो आणि जाळ्यात अडकलेले बारीक अन्न जाळ्यासकट गिळतो. मोठे तुकडे तो टाकून देतो. त्यावर बिळातल्या इतरांचे भागते. तिथे हा मासा असतो, छोटे खेकडे असतात, आणखी एक लहान किडा असतो. माशाला एखादा तुकडा मोठा पडला, तर तो खेकड्याकडे नेतो आणि खेकडा तो फाडू लागला की बारीक तुकडे टिपतो, असे निरीक्षण मॅकगिनिटी या शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. त्यांनी व फिशर यांनी कॅलिफोर्नियातील एल्कहॉर्न खाडीतल्या या किड्याला १९२८ साली शास्त्रीय नाव दिले. त्यातला 'काउपो' हा लॅटिन शब्द आहे. अर्थ, उतारशाळेचा मालक.

नाव सुंदर आहे. पण आपण जरा विचार करू या. हा किडा खरोखर पाहुणचार करतो का? तो कोणाला बोलावत नाही, कोणाला हाकलत नाही. पाहुण्यांनी खाल्ले ते त्याला नकोच होते. त्याचे काहीच जात नाही. तो दयाळू नाही आणि निर्दयही नाही, कारण निवड करणे त्याच्या हाती नाही. आपल्या हाती ते आहे. म्हणूनच आपल्याला त्याचा हिशेब द्यावा लागणार आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण पुष्कळदा ऐकला आहे. त्यातही एक उतारशाळेचा मालक आहे. त्याच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. जखमी, अनोळखी माणूस त्याच्या दारात आला. हाती दोन दीनार आणि बाकीचे परत आल्यावर देईन, एवढा शब्द. शोमरोनी परतलाच नसता तर? खर्च अंगावर पडला असता. पाहुणचाराला झळ बसण्याची शक्यता असते, ती इथे.

आता आपल्या घराकडे पाहू या. एका छपराखाली राहणे हे त्या चिखलातल्या जीवांनाही जमते. आपल्यापैकी किती घरांत म्हातारी आई वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत, उरलेले जेवते? वाटण्या झाल्यावर एकाच अंगणातले दोन भाऊ किती वर्षे बोललेले नाहीत? आपल्या चाळीत भाड्याने राहणारे कुटुंब रविवारी मिस्साला शेवटच्या बाकावर बसते. भाडे आपण दर महिन्याला घेतो. त्यांच्या मुलांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का?

एका बिळात राहणाऱ्या अशा जीवांना शास्त्रात 'कॉमेन्सल' म्हणतात. हाही मूळ लॅटिन शब्द, 'एका मेजावर जेवणारे'. आपण तर दर रविवारी एकाच वेदीसमोर येतो, एकाच भाकरीत सहभागी होतो. मग दारात शिरल्यावर ते मेज वेगळे का व्हावे?

या आठवड्यात एक करा. घरात जो एकटा जेवतो, त्याच्या शेजारी ताट घेऊन बसा. शेजारच्या भाडेकरूला नावाने हाक मारा. थोडा वेळ जाईल, थोडा मानही सोडावा लागेल. जाऊ द्या. उरलेले टाकणे किड्यालाही येते. ताटातले वाढणे माणसाला शोभते, आणि प्रभू येशूने आपल्याला तेच करून दाखवले आहे.

प्रभू तुमच्या घराला आशीर्वाद देवो.

तुमचा धर्मगुरू