दत्तक पूर्वजाचे जन्मकुळ

दत्तक आलेल्या पणजोबांचे जन्मदाते शोधावेत काय? लाळेच्या नमुन्यावरून रक्तसंबंध सांगणारी डी.एन.ए. चाचणी निघाल्यापासून हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा राहिलेला नाही.

आमच्याकडे दत्तक हे पूर्वी बहुधा गुपित नसे. १८७५ साली कवळाण्याचे गोपाळराव बडोद्यास दत्तक जाऊन सयाजीराव महाराज झाले. त्यांचे जनक काशीराव सर्वांस ठाऊक होते. मनुस्मृतीने दत्तकाचे जनकगोत्र तोडले. १९५६ च्या कायद्यानेही ते नाते संपविले, परंतु जन्मकुळातील निषिद्ध विवाह दत्तकानंतरही निषिद्धच ठेवला. जन्मकुळ ठाऊक असल्यावाचून हा निषेध पाळावा कसा? म्हणून असा शोध म्हणजे पालनकर्त्यांशी कृतघ्नता, हे आम्हांस मान्य नाही. पिंड त्यांच्याच गोत्रात पडतो.

अडचण निराळी आहे. पणजोबांचा वारसा आपणांत सुमारे अष्टमांशच. चाचणी दूरची भावकी दाखविते, जनकाचे नाव सांगत नाही. ते दत्तकपत्रात वा त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या नामावळीत पाहावे लागते. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच असल्याने जामबागेतील पुष्कळ घरांची भावकी तिकडे आहे. तेथील एखाद्या घरातील आजीने मूल दिल्याची गोष्ट जन्मभर पोटात ठेवली असेल, तर तिची बाजू कोणी मांडावयाची? २०२२ च्या दत्तक नियमांनी सज्ञान दत्तकास मूळशोधाची वाट दिली, तरी जन्मदात्यांची गोपनीयता राखली आहे. आम्ही म्हणतो, एकदम दारी जाऊन उभे राहू नये. आधी पत्र लिहावे, आणि उत्तर न आल्यास दुसरे लिहू नये.