इंटर्नशिपचं सत्र

जानेवारी उजाडला की सांगली-कोल्हापूरकडची इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली मुलं पाठीला सॅक लावून बेंगळुरूची गाडी पकडतात. मुक्काम इलेक्ट्रॉनिक सिटी. १९७०च्या दशकात कर्नाटक सरकारच्या केऑनिक्सने ती वसवली; कल्पना आर. के. बालिगांची. पुण्यात १९८१ साली सुरू झालेली इन्फोसिसही पुढे इथेच विसावली.

पीजीच्या एका खोलीत तिघं. सकाळी इडली, रात्री पुन्हा भातच! घरून दिलेली शेंगदाण्याची चटणी आठवडाभरही पुरत नाही, कारण खोलीतल्या आंध्रच्या पोराला ती भारी आवडते. कामाचं म्हणाल, तर सुरुवातीला नुसतं बसायचं. लॅपटॉप मिळतो, पासवर्ड मिळत नाही. हे रिकामपण मुलांना फार खातं. कॉलेजात प्रश्न छापून हातात येतो, इथे तो आपणच हुडकायचा, आणि विचारायला जावं तर साहेब मीटिंगमध्ये. भीड सोडून जो पुन्हा विचारायला जातो, तोच काही शिकून येतो, असं माझं मत.

ऑगस्ट २०२५पासून मेट्रोही इथवर येते, वाटेतल्या सिल्क बोर्ड चौकातली वाहतूक कोंडी थोडी टळली.

तुमच्या घरचं कुणी तिकडे असेल, तर 'नोकरी पक्की होणार ना?' हा प्रश्न आजच्या फोनवर तेवढा विचारू नका.