न सांगितलेले सत्य

व्यवहारात खोटे बोलू नये, हे आपण सर्वच मान्य करतो. परंतु खरे माहीत असून गप्प राहणे, हेही खोटे बोलणे होय का? आपल्यापैकी कुणी दुकान चालवतो, कुणी भाजी विकतो, कुणी कचेरीत बसून पत्रे लिहितो. म्हणून हा प्रश्न आपल्या सर्वांचा आहे.

१९८२ साली अमेरिकेतील शिकागो परिसरात टायलेनॉल ह्या वेदनाशामक कॅप्सूल घेऊन सात जण दगावले. कुणीतरी त्यांत सायनाइड मिसळले होते, आणि तेही कारखान्याबाहेर. 'दोष आमचा नाही' असे म्हणून जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला हात झटकता आले असते. उलट, आमचे हे औषध घेऊ नका, असे तिने देशभर सांगितले व सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या.

पुढे औषधाचा खप पुन्हा वाढला. म्हणून प्रामाणिकपणा फायद्याचा असतो, हे पटवण्यासाठी हे उदाहरण दिले जाते. येथे आपण थोडे थांबले पाहिजे. खप वाढला नसता, तर ती सूचना देणे चूक ठरले असते का? मुळीच नाही. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला सावध करणे हे कर्तव्यच. नफा-तोटा नंतरची गोष्ट.

शिवाय, एकदा खरे बोलल्याने कायमचे प्रमाणपत्र मिळत नाही. ह्याच कंपनीवर बेबी पावडरमधील धोका दडवल्याचा आरोप करणारे हजारो दावे पुढे दाखल झाले. कंपनीने आरोप नाकारले. मात्र २०२३ मध्ये टाल्कची बेबी पावडर जगभर विकणे थांबवले.

मग गिऱ्हाइकाला सगळेच सांगायचे का? आपला नफा किती, माल कुठून आणला, हे सांगण्याचे बंधन नाही. पण जे लपवल्याने समोरच्याचे नुकसान होईल, ते सांगितलेच पाहिजे. विकायच्या घराची भिंत पावसात गळते. टोपलीत वर ताजे टोमॅटो, खाली नासके. येथे तोंडातून एकही खोटा शब्द निघत नाही, तरी फसवणूक होतेच. आपला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदासुद्धा महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणाऱ्या जाहिरातीला दिशाभूल करणारी मानतो. आठवी आज्ञा पाळणाऱ्या आपण कायद्याच्या मागे राहावे काय?

'साहेबांनी सांगितले म्हणून लिहिले' असे आपण म्हणतो. पण पत्र वाचून फसणारा माणूस साहेबांइतकाच आपल्यावरही विसंबलेला असतो. सही करण्यापूर्वी एवढेच विचारू या: हे पत्र आपल्या आईला आले असते, तर तिला आणखी काय सांगितले असते?