विसर पडला म्हणजे सुटका झाली काय?

कुणी जुने दुःख बोलू लागला की शेजारचा पटकन म्हणतो, "माउली, विसरा आता ते. नाम घ्या." सांगणारा गप्प होतो. टाळ वाजू लागतात. वाचकहो, या उपदेशात दया किती आणि ऐकण्याचा कंटाळा किती, याचा आज थोडा विचार करू.

शास्त्राने स्मृती आणि संस्कार असा भेद केला आहे. अनुभव येतो आणि सरतो, पण जाताना चित्तावर ठसा ठेवून जातो. तो संस्कार. तो जागा झाला की स्मृती होते. हिंगाची डबी रिकामी झाली तरी वास राहतो, तसा आठवण गेली तरी संस्कार राहतो. मग 'मला काही आठवत नाही' म्हणणारा मोकळा झाला, असे कसे म्हणावे?

एक दृष्टांत देतो. कीर्तनकाराच्या लेखात इंग्रजी चित्रपट कशाला, असे कुणी म्हणेल. पण दृष्टांत जिथे मिळेल तिथून घ्यावा. आल्फ्रेड हिचकॉक यांचा 'स्पेलबाउंड' हा चित्रपट १९४५ सालचा. मनोरुग्णालयाचा नवा प्रमुख म्हणून एक तरुण येतो. पांढऱ्या कापडावर जेवणाच्या काट्याने ओढलेल्या रेघा दिसल्या की तो कासावीस होतो. पुढे कळते, तो ज्याचे नाव सांगतो तो हा नव्हेच. याला स्वतःचे नावही आठवत नाही, आणि खऱ्या माणसाचा खून आपणच केला असे त्याला वाटते. तिथली एक डॉक्टर बाई मात्र त्याची साथ सोडत नाही. अखेर बर्फाच्या उतारावरून घसरताना त्याला बालपण आठवते. कठड्यावरून घसरत येताना त्याचा धक्का लागून भाऊ टोकदार गजांवर पडला आणि गेला. तो अपघात होता. मोठेपणीचा खूनही दुसऱ्यानेच केलेला असतो.

यातले मर्म ध्यानी घ्या. अपघाताला लेकराने खून मानले आणि ते मनात पुरून टाकले. पुरलेल्या गोष्टीचा फेरनिवाडा होत नाही. भ्यालेल्या पोराने जो निकाल दिला, तोच मोठ्या माणसाच्या डोक्यावर जन्मभर राहतो. आपल्यातही असे किती असतील! बालपणी मार सोसला, अत्याचार सोसला, आणि 'माझेच काही चुकले असेल' हा निकाल घेऊन म्हातारे झाले. अशांना पूर्वकर्म सांगणे म्हणजे त्या खोट्या निकालावर आपणही शिक्का मारणे.

तुकोबांनी काय केले ते पाहा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला, लोकांत लाज वाटली. हे सारे त्यांनी स्वतःच एका अभंगात सांगितले आहे. हे बोलू नये, पण संतांनी विचारले म्हणून बोलतो, असेही तिथेच म्हटले आहे. दुःख त्यांनी झाकले नाही आणि कुरवाळलेही नाही. ऐकणारे संत होते, म्हणून ते ओठांवर आले.

मग काय, प्रत्येकाचे मन खणत बसावे? तसेही नव्हे. अमेरिकेत १९९० च्या दशकात यावरून मोठा वाद झाला. एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिले की पुन्हा पुन्हा सुचवले तर न घडलेली गोष्टही काही माणसांना आठवू लागते. याचा अर्थ सांगणाऱ्यावर अविश्वास दाखवावा असा नाही. आपले शब्द त्याच्या तोंडी घालू नयेत, एवढाच.

या बाबतीत मुक्ताईकडे पाहावे. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेले, चारही भावंडे संन्याशाची पोरे म्हणून हिणवलेली. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानोबा ताटी लावून आत बसले, अशी कथा परंपरेने सांगितली आहे. तीच जखम मुक्ताईचीही होती. तिने ताटी मोडली नाही. 'विसर रे दादा' म्हणून ती निघूनही गेली नाही. दाराशी उभी राहून ती मायेने बोलत राहिली, आणि ताटी उघडली.

आणि नाम? नामस्मरण या शब्दातच स्मरण आहे. नाम घेता घेता जुने काही वर आले तर पुष्कळजण घाबरतात, आपले चित्तच अशुद्ध असे मानतात. विहीर उपसताना गाळ वर येणारच. तेव्हा नामाला गाळावरचे झाकण करू नका; नामाचा आधार धरून उपसा चालू ठेवा. ज्याची झोप उडाली, ज्याला जगणे नकोसे झाले, त्याला डॉक्टरांकडेही न्या. त्याने निष्ठेला उणेपणा येत नाही.

यंदा वाटचालीत विसाव्याला शेजारचा कुणी असे बोलू लागला, तर टाळ क्षणभर मांडीवर ठेवा. 'विसरा' म्हणू नका. 'मग काय झाले, माउली?' एवढेच विचारा, आणि तो थांबेपर्यंत ऐका. ऐकणे हीसुद्धा श्रवणभक्तीच आहे.

रामकृष्ण हरी.