गोधडी आणि खरा शब्द

(वाचावयाचा भाग : प्रेषितांचीं कृत्यें १८:१-३, २४-२८)



उन्हाळा लागला म्हणजे खेड्यापाड्यांतील बाया जुनीं लुगडीं धुऊन गोधड्या शिवावयास घेतात. शेजारणी येऊन काम पाहतात, आणि बहुधा प्रत्येकीच्या तोंडीं एकच शब्द असतो : "फार छान झाली हो!" हा शब्द गोड आहे, आणि काम चांगलें असेल तेव्हां तो बोलणें योग्यही आहे. परंतु आंतले थर नीट पसरून ताणले नसतील व टांके लांबलांब पडले असतील, तरीही आपण तेंच बोलतों. मग काय होतें? दोनचार धुण्यांत आंतल्या चिंध्या सरकून कोपऱ्यांत गोळा होतात व मधला भाग विरळ राहतो. स्तुति शिवणारीस मिळाली. माघाची थंडी मात्र त्या गोधडीखालीं निजणाऱ्या लेंकराच्या वांट्यास आली. आपण जिला दया समजलों, ती त्या लेंकरावर दया नव्हती.

अक्विल्ला व प्रिस्किल्ला हें जोडपें राहुट्या करण्याचा धंदा करीत असे. इफिस येथील सभास्थानांत त्यांनीं अपुल्लोचें भाषण ऐकिलें. तो मोठा वक्ता, शास्त्रांत प्रवीण व आवेशी होता. परंतु त्यास केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. त्या दोघांनीं भर सभेंत त्याची उणीव काढिली नाहीं, आणि वाहवा करून त्यास तसेंच जाऊंही दिलें नाहीं. त्यांनीं त्यास जवळ करून देवाचा मार्ग अधिक बरोबर समजावून दिला. पुढें तो अखया प्रांतांत गेला, व तेथील विश्वासणाऱ्यांस त्याचें फार साहाय्य झालें. इतक्या विद्वानानें राहुट्या शिवणाऱ्यांचें ऐकावें, हीही देवाची कृपाच होय.

यावरून आपण तीन गोष्टी शिकूं. पहिली ही कीं, दोष वेळेवर सांगावा. गोधडीस कच्चा दोरा आहे तोंवर थर सारखे करितां येतात. दुसरी, तो एकांतीं सांगावा. तिसरी, जो दोष दाखवितो त्यानें शेजारीं बसून चार टांके स्वतः घालावे. स्पष्टवक्तेपणा मिरविणाऱ्या पुष्कळांस उसवणें येतें, शिवणें येत नाहीं. प्रकटीकरणाच्या २ ऱ्या अध्यायांत प्रभूनें त्याच इफिसच्या मंडळीस निरोप पाठविला, तेव्हां आधीं तिचे श्रम व धीर यांचा उल्लेख केला, आणि मग तिची पहिली प्रीति सुटल्याचें सांगितलें. तसेंच, शेजारणीच्या गोधडीचा काठ सरळ असेल तर तें आधीं मोकळ्या मनानें म्हणावें. कारण खरी स्तुति हेंही सत्यच आहे.

हें गोधडीपुरतेंच नाहीं. पंचांचा हिशेब, तरुणांचें भजन, पाळकाचा उपदेश, या सर्वांस हा नियम लागू आहे. दाराशीं "उपदेश छान झाला" म्हणून घरीं जाणाऱ्यांनीं, जें कळलें नाहीं तेंही पाळकास सांगावें. कारण दुःखाच्या रात्रीं त्याच वचनाखालीं कोणी तरी ऊब शोधणार आहे.

प्रभु आपल्या जिव्हेस सत्य व प्रीति हीं दोन्हीं देवो. आमेन.