चुकीच्या उत्तरामागचा विचार

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस, त्याच्याकडे फक्त माहिती कमी असते, ही समजूत विसाव्या शतकात मागे पडली ती चुकीच्या उत्तरांमुळे. १९२० च्या सुमारास जाँ पियाजे हे तरुण स्विस संशोधक पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होते. एका वयाची मुले बहुधा एकाच तऱ्हेने चुकतात, हे त्यांच्या लक्षात आले. चूक इतकी शिस्तशीर असेल तर तिच्यामागे काही तर्क असणार. तो शोधण्यात पियाजे यांचे उरलेले आयुष्य गेले.

सुरुवातीची दोन वर्षे बाळाचा विचार हातात आणि तोंडात असतो. पाच-सहा महिन्यांच्या बाळासमोर खुळखुळा दुपट्याखाली लपवला, तर ते शोधत नाही. आठव्या महिन्यानंतर ते दुपटे ओढते, पण एक गंमत उरतेच. डावीकडच्या दुपट्याखाली दोनदा सापडलेला खुळखुळा तिसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांदेखत उजवीकडे लपवला, तरी बाळाचा हात पुष्कळदा डावीकडेच जातो. वस्तू नजरेआड झाली तरी ती असते, हे ज्ञान टप्प्याटप्प्याने येते, असा निष्कर्ष पियाजे यांनी काढला. रेने बायारजाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये बाळाच्या हाताऐवजी नजर मोजली. एक पडदा त्याच्या मागे ठेवलेल्या ठोकळ्यातून आरपार गेल्यासारखा दाखवला, तेव्हा पाच महिन्यांची बाळेही त्याकडे जास्त वेळ टक लावून पाहत राहिली. काही जाण आधीच असते, हाताला ती वापरता येत नाही, असा याचा एक अर्थ. तो सर्वांना मान्य नाही.

दोन ते सात या वयात भाषा येते, काठीचा घोडा होतो, भातुकलीत वाळूचा भात शिजतो. एका वस्तूने दुसरीची जागा घेणे ही फार मोठी झेप आहे. तरी दोन सारख्या पेल्यांतले सारखे पाणी दाखवून त्यातले एक उंच, निमुळत्या पेल्यात ओतले, की चार-पाच वर्षांचे मूल ‘यात जास्त’ म्हणते. त्याचे लक्ष उंचीवर खिळते. रुंदी सुटते आणि ओतलेले पाणी मनातल्या मनात परत ओतून पाहता येत नाही.

पण दोष सगळा मुलाचाच असतो का? मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅक्गॅरिगल यांनी १९७४ मध्ये अशाच प्रयोगात एक खोडकर टेडी अस्वल आणले. चकत्यांची ओळ मोठ्या माणसाऐवजी अस्वलाने विस्कटली, तेव्हा संख्या तीच आहे असे सांगणारी मुले पुष्कळच वाढली. मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की वेगळे उत्तर हवे असणार असा मूल अंदाज करते. बाईंनी ‘नक्की?’ म्हणताच वर्गातली उत्तरे बदलतात, त्यातलाच हा प्रकार.

चौथ्या वर्षाच्या आसपास आणखी एक दार उघडते. विमर आणि पेर्नर यांच्या १९८३ च्या गोष्टीत मॅक्सीने कपाटात ठेवलेले चॉकलेट त्याच्यामागे आई दुसऱ्या कपाटात हलवते. मॅक्सी कुठे शोधेल? तीन वर्षांची मुले नवे कपाट दाखवतात, मोठी मुले जुने. दुसऱ्याच्या मनात चुकीची समजूत असू शकते हे कळले, की गुपित राखणे आणि सफाईने थाप मारणेही जमू लागते.

सातव्या वर्षानंतर हिशेब, वर्गीकरण, क्रम जमू लागतो, पण हाताशी असलेल्या गोष्टींपुरता. ब्राझीलमधल्या रेसिफी शहरात फेरीचा व्यवसाय करणाऱ्या मुलांचा १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे महत्त्वाचा. ३५ चा एक नारळ, तर चार केवढ्याला? बारा वर्षांच्या मुलाने तिनांचे १०५ धरले, त्यात ३० आणि मग ५ मिळवून १४० सांगितले. तेच ३५ गुणिले ४ कागदावर आले, तेव्हा हातचा आधी मिळवून मग गुणल्याने उत्तर आले २००. बाजारात या मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर होती, कागदी आकडेमोडीत सुमारे ३७. वयानुसार पायऱ्या ठरवणारा कोणताही तक्ता इथे अपुरा पडतो. मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी विचाराची वाढ माणसांत आणि व्यवहारात शोधली, ती दृष्टी इथे अधिक उपयोगी पडते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली, तीही मूल असते तिथूनच शिक्षण सुरू करण्यासाठी.

अकरा-बारानंतर ‘जर-तर’चा विचार मोकळा होतो. लंबकाचा वेग दोरीच्या लांबीने बदलतो की वजनाने, हे तपासताना किशोर एका वेळी एकच गोष्ट बदलू लागतो. सगळेच नाही, कित्येक मोठ्यांनाही हे जमत नाही. असा विचार माणूस कदाचित आपल्या क्षेत्रापुरताच करतो, अशी दुरुस्ती पियाजे यांनी स्वतः १९७२ मध्ये केली.

शांतपणे विचार करायला वेळ मिळाला, तर सोळा वर्षांचा मुलगा जवळपास मोठ्यांइतकाच तर्क करतो. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या २००५ च्या प्रयोगात मित्र पाहत असताना किशोरांनी मोटारीच्या संगणकीय खेळात कितीतरी जास्त धोके पत्करले. प्रौढांवर मित्रांच्या असण्याचा तसा परिणाम दिसला नाही. भारतात मतदानाचे वय ६१ व्या घटनादुरुस्तीने २१ वरून १८ वर आले, आणि गिअरच्या दुचाकीचा परवानाही १८ व्या वर्षीच मिळतो. विचाराची वाढ पाहता पहिले काम सोळाव्या वर्षीही पेलण्यासारखे आहे. दुसरे अठराव्या वर्षीही अवघड जाते, विशेषतः मागच्या सीटवर मित्र असेल तेव्हा.